धागा: चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणाऱ्या मेडिकलवाल्याचं लायसन्स जावं का?

वडाचा_पार (धागाकर्ता)
माझं उत्तर आधीच देतो: जावं. शेड्यूल एच१ (औषध नियमांतली कडक नोंदीची यादी) लागू झालं १ मार्च २०१४ ला. सेफिक्झिमपासून कार्बापेनेमपर्यंतची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं वगैरे मिळून ४६ नावं होती त्या यादीत. त्यांची वेगळी वही ठेवायची, डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती गोळ्या दिल्या ते लिहायचं आणि वही ३ वर्षं सांभाळायची. आता आपल्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन सेफिक्झिमची पट्टी मागून बघा. वही निघाली तर इथे येऊन सांगा. केरळने २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' काढून दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या, लोकांनाही तक्रारी करायला सांगितलं. अँटिबायोटिकची विक्री घटली असं तिथलं सरकार म्हणतं. आपल्याकडे कुणाचा हात धरलाय?

तालुक्याचं_मेडिकल
धरा हो, आमचाच हात धरा, सोपा आहे. वही मी ठेवतो, आणि तीत चिठ्ठ्या कसल्या येतात तेही बघतो. सर्दी-खोकला, तिसरी गोष्ट नाही, आणि चिठ्ठीवर सेफपोडॉक्झिमसारखं अँटिबायोटिक. एकदाच केलेल्या रक्ताच्या विडाल टेस्टवर टायफॉइड ठरवून सेफ्ट्रियाक्झोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं. सगळं कायदेशीर, शिक्क्यासकट. मग माझं लायसन्स काढून बॅक्टेरियाला काय फरक पडणार? आणि गिऱ्हाईक सगळ्यात जास्त मागतं ती अझिथ्रोमायसिन तुमच्या त्या एच१ मध्ये नाहीच.

वडाचा_पार
ती साध्या शेड्यूल एच मध्ये आहे. चिठ्ठी तिलाही लागतेच. वही नको म्हणजे चिठ्ठी नको असं कुणी सांगितलं?

प्लेटवाली
मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. दोघंही काउंटरवर अडकलात. आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा इमिपेनेमला (कार्बापेनेम गटातलं राखीव अँटिबायोटिक) असलेला रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देणं, २०१६ मध्ये १४ टक्के होता, २०२१ मध्ये ३६ झाला. इमिपेनेम सलाइनमधून देतात. ते कोण नाक्यावरून आणून घरी घेतंय? हा रेझिस्टन्स आयसीयूत फिरतो. एका पेशंटच्या कॅथेटरला लावलेला हात न धुता दुसऱ्याच्या व्हेंटिलेटरला लागतो. त्या जंतूंत एनडीएमसारखं, कार्बापेनेम निकामी करणारं जनुक प्लाझ्मिडवर (जंतू एकमेकांना देतात त्या डीएनएच्या कड्यावर) बसलेलं असतं, म्हणजे क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूकडून ई. कोलायकडे सहज जातं. असा रिपोर्ट मी फोनवर सांगते तेव्हा पलीकडच्या डॉक्टरांकडे उरतं काय? कोलिस्टिन, जे मूत्रपिंडं बिघडवतं. नाहीतर सेफ्टाझिडिम-अॅविबॅक्टमच्या जोडीला अॅझट्रिओनाम, कारण अॅविबॅक्टम एकटं एनडीएमला अडवू शकत नाही. त्याचा दिवसाचा खर्च ऐकून नातेवाईक खाली बसतात. छापे टाकायचेच असतील तर किती हॉस्पिटलांत इन्फेक्शन कंट्रोलची नर्स खरोखर त्याच कामावर आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी ती फक्त अॅक्रिडिटेशनच्या (दर्जाच्या मान्यतेच्या) कागदावर असते.

नेरुळकर_७
टायफॉइडचा विषय निघालाच आहे तर: नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस मुलांना मोफत द्यायला सुरुवात केली. जगात सरकारी पातळीवर अशी मोहीम तेव्हा पहिलीच. आजारच झाला नाही तर गोळी कुठली आणि वही कुठली! पण लशीवर कुणी धागा काढत नाही, भांडायला मजा येत नाही ना.

वडाचा_पार
@प्लेटवाली, ताई, हात धुण्याबद्दल दुमत नाही. पण तुमचे डॉक्टर इमिपेनेमपर्यंत का पोचतात? कारण पेशंट दारात येतो तेव्हाच त्याच्या आतड्यातले ई. कोलाय सेफॅलोस्पोरिनला (सेफिक्झिमच्या गटाला) दाद देईनासे झालेले असतात. ते आयसीयूत झालं नाही. सर्दीला दोन गोळ्या, जुलाबाला तीन, असं वर्षानुवर्षं घेऊन ते बाहेरच झालं. वरची पायरी चढायला तुम्हाला खालच्यांनीच भाग पाडलं.

प्लेटवाली
हे बरोबर आहे. तरी त्या पेशंटकडून शेजारच्या खाटेवर जाणं आमच्याच हातात असतं, आणि ते थांबवायला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही. मी आधी तिथे पैसे लावीन.

वैनगंगा
मोठ्या शहरातली चर्चा चालू द्या. मी गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने इथल्या खेड्यांत बाळांच्या न्यूमोनियासाठी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं ते डॉक्टरांनी नाही, गावातल्याच माणसांनी. पुढे गावातल्या आरोग्यदूत बायांनी नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर जेंटामायसिनची इंजेक्शनंही दिली. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. तुमचा 'चिठ्ठीशिवाय नाही' हा नियम त्या वेळी नेटाने राबवला असता तर त्यातली किती बाळं हाती लागली असती? आपल्याकडे अँटिबायोटिक जास्त खाणारे आहेत तसे ते वेळेवर न मिळून मरणारेही आहेत. पुण्यामुंबईच्या चष्म्यातून नियम केला की मार दुसऱ्यांना बसतो.

झोपमोड
+१. आमच्या पीएचसीत डॉक्टर आठवड्यातून किती दिवस दिसतात ते विचारू नका.

वडाचा_पार
@वैनगंगा, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या बायांना शिकवलं होतं. त्या बाळाचे श्वास मोजायच्या, ठरलेली लक्षणं दिसली तरच औषध, मोजूनमापून डोस, प्रत्येक बाळाची नोंद, आणि वर देखरेख. एच१ ची वही दुसरं काय मागते? काउंटरवर यातलं काय होतं? "भाऊ, कालच्यासारखीच दे" आणि पट्टी कापून चार गोळ्या.

वैनगंगा
वही मागते डॉक्टरची चिठ्ठी. त्या बायांकडे चिठ्ठी नव्हती, शिक्षण होतं. तुम्ही चिठ्ठीलाच शिक्षण समजताय. मग असं करा, प्रशिक्षित आशाताई किंवा नर्सने ठरावीक आजारांत ठरावीक औषध दिलं तर ते कायद्यात बसवा, आणि नंतर काउंटर बंद करा. आधी काउंटर बंद आणि बाकीचं पुढच्या पंचवार्षिकात, हे चालणार नाही.

तालुक्याचं_मेडिकल
हे मला पटतं. शिवाय चिठ्ठ्याही तपासा. माझ्या वहीत सगळ्या डॉक्टरांची नावं आहेत. तपासायला येणारा वहीची पानं मोजतो, सह्या बघतो आणि निघतो. कुठल्या डॉक्टरने महिन्यात किती सेफ्ट्रियाक्झोन लिहिलं याची बेरीज त्याच वहीतून निघते. ती करायला कुणी सांगितलेलंच नाही.

वडाचा_पार
बेरीज करा, डॉक्टरांनाही नोटिसा काढा, माझी ना नाही. आशाताईंचाही मुद्दा घेतला. पण दोन्ही होईपर्यंत शहरात, जिथे चार पावलांवर दवाखाना आहे, तिथे सूट कशाला? तिथल्या दुकानाचं लायसन्स पहिल्या वेळेला महिनाभर, दुसऱ्या वेळेला कायमचं. यावर मी ठाम आहे.

प्लेटवाली
शहरापुरतं मान्य. हॉस्पिटलांचा वेगळा धागा मी काढते, तिथे या.