मदत हवी आहे: ३ फुटी फिश टँकसाठी स्टँड कसा करून घ्यावा? (जुनं घर, सोलापूर)

नमस्कार मंडळी. घरी ३ फुटी टँक घ्यायचं ठरलंय, ३६ बाय १५ बाय १८ इंच, काच ८ एमएम. ऑर्डर देऊन झालीय, टँक हातात येईपर्यंत स्टँडचं नक्की करायचंय आणि तिथंच घोडं अडलंय.

घर जुन्या पेठेतलं, माळवदाचं. खाली शहाबादी फरशी, माडीला लाकडी तुळया. पुतणीला टँक माडीवर पाहिजे कारण ती तिथं अभ्यासाला बसते, आई म्हणते खाली ठेवा, आल्यागेल्याला दिसेल, आणि भाऊ म्हणतो टीव्हीचं जुनं युनिट रिकामंच पडलंय, कशाला स्टँडला पैसे घालवताय.

ते युनिट मला अजिबात पटत नाही. पार्टिकल बोर्डचं आहे, मागची खालची कड आत्ताच फुगलीय, बोटानं दाबलं की भुसा निघतो. नुसत्या फरशी पुसायच्या पाण्यानं ही गत झाली, मग टँकचं पाणी बदलताना दर आठवड्याला जे सांडणार त्यात ते किती दिवस टिकणार?

वजन मांडून बघितलं. काठाखाली दोन इंच सोडून भरला तरी १४० लिटर पाणी, म्हणजे १४० किलो. काच ३० किलो धरा, वाळू-दगड २०-२५. सगळं मिळून २०० किलोच्या घरात जातंय. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही म्हणून घरोघरी तो २०० लिटरचा निळा ड्रम भरलेला असतो, जवळपास तेवढंच वजन, फक्त ड्रम सगळ्या बुडावर बसतो आणि स्टँड चार पायांवर. मला हेच टेन्शन आहे.

म्हणून लोखंडी स्क्वेअर पाइपचा करून घ्यावा असं वाटतंय. पाइप किती जाडीचा घेऊ? वर प्लाय टाकू का नुसती फ्रेम चालेल? थर्माकोल घालावं का? आणि माडीवर ठेवणं कितपत बरोबर? कुणी करून घेतला असेल तर प्लीज सविस्तर सांगा, माशांपेक्षा मला घरातल्या लहान पोरांची जास्त काळजी आहे.

प्रतिसाद १
दादा, माडीचं डोक्यातून काढा. जुन्या तुळयांना आतून वाळवी लागलेली वरून कळत नाही आणि हे वजन रात्रंदिवस एकाच जागी राहणार. खालीच ठेवा, भिंतीलगत. ठेवायच्या आधी तिथली फरशी नारळ वाजवतो तशी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा.

पाइप दीड इंची, १६ गेज (म्हणजे पत्रा साधारण दीड एमएम जाड) पुरे. पण पाइपापेक्षा जोड महत्त्वाचा. वरची चौकट उभ्या पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. बरेच जण आडवा पाइप पायांच्या मधे धरून कडेनं वेल्ड मारतात, मग सगळं वजन त्या वेल्डवर लोंबकळतं. हे वेल्डरला कागदावर काढून द्या, तोंडी सांगू नका. टाका मारून सोडू देऊ नका, जोड चारी बाजूंनी पूर्ण भरून घ्या. मागच्या बाजूला तिरकी पट्टी मारा म्हणजे स्टँड आडवा हलणार नाही. पायांखाली ३ बाय ३ इंचाच्या प्लेटा. आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट, आणि पाइपांची तोंडं बंद करून घ्या, गंज आतनं लागतो.

प्रतिसाद २
वर १८ एमएमचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, टाका (त्यावर आयएस ७१० हा मानकाचा शिक्का बघून घ्या), कडांना पण पेंट लावा. टँकचा काचेचा तळ सरळ प्लायवर टेकणार असेल तर मधे थर्माकोल हवंच, बारीक खडा राहिला तरी ते दाबून घेतं. तळाला प्लॅस्टिकची फ्रेम असेल तर मात्र घालू नका, तिथं वजन फ्रेमच्या कडांवरच यायला पाहिजे.

पाणसळ लावून बघा, लांबीला आणि रुंदीला दोन्हीकडं. जुन्या घरातली फरशी मोरीकडं उतरती असते. पाचर मारायची ती स्टँडच्या पायाखाली, टँकखाली कधीच नाही, काचेला पीळ बसला की सिलिकॉनचा जोड सुटतो. अर्धा भरून परत लेव्हल बघा, मग पूर्ण भरा. भरलेला टँक इंचभर पण सरकवायचा नाही. कूलर आणि उन्हाची खिडकी लांब ठेवा, वायरी सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या म्हणजे पाणी ओघळून सॉकेटात जात नाही.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार, चौकट पायांच्या डोक्यावर ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. फरशी ठोकून बघितली, खिडकीजवळची एक पोकळ वाजतीय, म्हणून आतल्या भिंतीला जागा धरली. तळाला फ्रेम नाहीये, म्हणजे थर्माकोल घालतो. पुतणीला पण समजावलं, आता अभ्यासाचं टेबलच खाली आणायचं म्हणतीय. शेवटचं एक, उंची किती ठेवू? घरात दोन पोरं पाच वर्षांच्या आतली आहेत.

प्रतिसाद १
अडीच फुटाच्या वर नको, उंच स्टँड धक्क्यानं लवकर डुलतो. पोरं पाय देऊन चढतील असा आडवा पाइप पुढून ठेवू नका, पुढची बाजू प्लायच्या दारानं झाका. आणि वरनं दोन एल क्लॅम्प भिंतीत मारून घ्या. माळवदाची भिंत मातीची असेल तर खिळा धरणार नाही, दगडात किंवा लाकडी खांबात मारा.