एफआर-एसला सुपरचार्जर लावू का? रोजची गाडी आहे (कॅलिफोर्निया)

फ्रीमाँटचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदाच विचारतोय. माझ्याकडे २०१३ची सायन (टोयोटाचाच ब्रँड) एफआर-एस आहे, छोटी स्पोर्ट्स कार, मॅन्युअल, ९४ हजार मैल झालेत, मी दुसरा मालक. रोज फ्रीमाँट ते सांता क्लारा जातो, रविवारी पहाटे हायवे ८४ने ला होंडाकडून वर स्कायलाइन, आणि वर्षातून दोनतीन ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत शंकू मांडून घड्याळाशी शर्यत). ट्रॅकवर आत्तापर्यंत एकदाच गेलोय, थंडरहिलला.

गाडी जीव की प्राण आहे पण २०० हॉर्सपॉवर आता कमी वाटायला लागलीय राव. विशेषतः ३५०० ते ४५०० आरपीएमच्या मधला तो खड्डा. सिग्नल सुटला, ऑनरँपवर पाय दाबला की आधी जरा उचलते, मग मधेच काहीतरी विसरल्यासारखी थांबते आणि मग परत धावते. परवा शेजारून एक इलेक्ट्रिक सेडान गेली, मागे बेबी सीट, पुढे काकू फोनवर, आणि मी तिसऱ्या गिअरमधे बघतच राहिलो.

म्हणून जॅक्सन रेसिंगचं सुपरचार्जर किट (इंजिनाच्याच ताकदीवर फिरून आत जास्त हवा कोंबणारा ब्लोअर) घ्यायचं डोक्यात आलंय, रोट्रेक्स कंपनीच्या ब्लोअरवालं. पैसे बाजूला ठेवलेत, बायकोचं म्हणणं त्याच पैशात दोघं गावाला जाऊन येऊ आणि वर थोडं सोनं होईल, त्यामुळे एकदाच काय ते ठरवायचंय. ज्यांनी लावलंय त्यांनी खरं खरं सांगा, रोज चालवायला त्रास होतो का? स्मॉगचं, म्हणजे धुराच्या सरकारी तपासणीचं काय? इंजिन किती टिकतं?

आळशी_पिस्टन

मी लावलंय, चार वर्षं झाली, हेच इंजिन, सेंट्रिफ्यूगल किट (रोट्रेक्स त्याच प्रकारचा). स्मॉगचं आधी सांगतो कारण तिथेच निम्म्या लोकांची विकेट जाते. किटला कार्बचा (राज्याचं हवा प्रदूषण मंडळ) ईओ, म्हणजे मंजुरीचा नंबर पाहिजे आणि तो तुझ्याच मॉडेल आणि वर्षाला लागू पाहिजे. बॉनेट उघडल्यावर दिसेल असा स्टिकर चिकटवायचा, स्मॉगवाला तो नंबर तपासतो. आणि जुलै २०२१ पासून ते ओबीडीमधून (गाडीतला तपासणीचा प्लग) ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर पण बघतात, म्हणजे किटबरोबर मंजूर झालेलं ट्यून चालतं पण मित्राने लॅपटॉपवर घालून दिलेलं चालत नाही. पूर्वीसारखं टेस्टच्या आदल्या रात्री हातचलाखी करून निभावायचे दिवस गेले.

आता गाडीचं. बघ, एफए२०चं, म्हणजे आपल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आहे १२.५ ला १. एवढ्या कॉम्प्रेशनवर वरून हवा कोंबायची म्हणजे नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याची) टांगती तलवार, आणि आपल्या कॅलिफोर्नियात मिळतं ९१ ऑक्टेन, इतर राज्यांत ९३ असतं. डायरेक्ट इंजेक्शनमुळे आतली हवा थोडी गार होते म्हणून निभावतं, तरी ट्यूनरला हात आखडता घ्यावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या लोकांचे डायनोचे (पॉवर मोजायचं मशीन) आकडे बघून हुरळू नकोस.

माझी स्टॉक गाडी चाकांवर १६५ दाखवत होती, आता २३५. फरक कुठे कळतो सांगू? ५५००च्या वर. तिथून ७४०० पर्यंत ती गाडीच वेगळी आहे, मागून शिट्टी, पुढे रस्ता आखडतो आणि हसू आवरत नाही, ऑफिसला जाताना पण. टर्बोसारखं लॅग नाही, पाय जेवढा तेवढं पळणं, आपल्या नॅचरली ॲस्पिरेटेड (टर्बो, सुपरचार्जर नसलेल्या) इंजिनाचीच मोठी बहीण म्हण.

रोजचा त्रास म्हणशील तर रोट्रेक्सचं स्वतःचं वेगळं तेल असतं, वेगळी टाकी, छोटा कूलर. आत दात्यांचे गिअर नाहीत, गुळगुळीत रोलर एकमेकांवर दाबून फिरतात, म्हणून त्याला ते ट्रॅक्शनचंच तेल लागतं, दुसरं कुठलं घालायचं नाही. बेल्ट अधूनमधून बघायचा. किट, बसवायची मजुरी, ऑइल कूलर आणि सहा महिन्यांनी क्लच (जुना घसरायला लागला) मिळून मला साडेनऊ हजार डॉलर पडले. बायकोला अजून सहाच माहितीयत.

दुसऱ्या_गिअरचा_नाना

पिस्टनशेठ, तुम्ही शिट्टीचं सगळं सांगितलं पण पोराने विचारलेलं राहिलंच की. तो म्हणतोय खड्डा ३५०० ते ४५०० मधे आहे. सेंट्रिफ्यूगल तिथे काय करणार?

अरे पाहुण्या, नीट समजून घे. सेंट्रिफ्यूगलचा बूस्ट (हवेचा जादा दाब) साधारण आरपीएमच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. ७००० ला ७ पीएसआय मिळत असेल तर ३५०० ला त्याचा चौथा भाग, म्हणजे पावणेदोन. त्यातलं थोडं ब्लोअर फिरवण्यातच जातं. म्हणजे नऊ हजार खर्चून खड्डा जवळपास तिथेच, फक्त पलीकडचा डोंगर अजून उंच. उलट खड्डा जास्तच जाणवेल. खालून जोर हवा असेल तर स्क्रू किंवा रूट्सवाला प्रकार, एडलब्रॉकचं किट त्यातलं, तो खालपासून बूस्ट देतो. पण त्यात दुसरी मेख आहे, या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड नाजूक, आणि रॉडला वाकवतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क. चाकांवर ३००च्या आसपास गेलं की रॉडची भीती असं सगळेच म्हणतात, पण तेच ३०० वर रेडलाइनजवळ काढलेत की खाली ३५०० ला दणका दिलाय यावर पुष्कळ अवलंबून असतं.

आणि एक हिशोब कर. तुझ्या गाडीचा दुसरा गिअर संपेपर्यंत ६० मैल होतात. हायवेची मर्यादा ६५. म्हणजे ज्या पॉवरसाठी एवढे पैसे घालणार ती रस्त्यावर वापरणार कुठे, तर दोन गिअर आणि चार सेकंद.

माझं ऐकशील तर आधी फायनल ड्राइव्ह (मागच्या डिफरेन्शियलमधलं गिअरचं गुणोत्तर) बघ. तुझ्यात ४.१ आहे, २०१७ पासून टोयोटानेच मॅन्युअलला ४.३ दिला, यावरूनच काय ते समज. मी ४.५६ टाकलाय, म्हणजे प्रत्येक गिअरमधे चाकांवर ११ टक्के जास्त जोर, खड्ड्यात सुद्धा, आणि स्मॉगवाल्याशी काही संबंधच नाही. हायवेवर आरपीएम थोडं वर राहतं, आवाज होतो, पण तुला आवाज आवडत नसता तर तू ही गाडी घेतलीच नसतीस.

हेडर (एक्झॉस्टचे इंजिनाजवळचे पाइप) बदलू नकोस एवढं सांगतो. सगळे सांगतील हेडर आणि ट्यून केलं की खड्डा बुजतो, बुजतो खरा, पण या गाडीत पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडरमधेच आहे. ईओ नसलेला हेडर लावलास की दर दोन वर्षांनी एक शनिवार जुना हेडर परत चढवण्यात. मी केलंय ते, गॅरेजच्या फरशीवर पाठ टेकून, गंजलेला बोल्ट आणि डोळ्यात माती, वर बायको विचारतेय चहा ठेवू का.

श्टुटगार्टची_सून

नानांशी अर्धी सहमत. आमच्याकडे जर्मनीत हीच गाडी जीटी८६ नावाने मिळायची. इकडे ट्युफकडून (वाहन तपासणी संस्था) तपासून गाडीच्या कागदांवर चढवल्याशिवाय कंप्रेसर लावला तर गाडी रस्त्यावर चालवायची परवानगीच जाते, विमा पण अडचणीत. त्यामुळे तुम्हा कॅलिफोर्नियावाल्यांचं स्मॉग स्मॉग रडगाणं ऐकून मला जरा हसू येतं.

पण "रस्त्यावर वापरणार कुठे" हे मला नाही पटत. पॉवर वापरायलाच पाहिजे असं कुठे आहे? माझ्या सासूबाईंकडे पैठण्या आहेत, वर्षातून एकदा नेसतात, बाकी वेळ कपाट उघडून हात फिरवतात. त्यात पण सुख असतंच की.

मला विचारायचंय ते वेगळं. ९४ हजार मैल झालेल्या इंजिनाची तब्येत बघितलीस का? लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती गळते ते)? आणि २०१३च्या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल होता ना २०१८च्या शेवटी, त्यात इंजिन बाहेर काढून काम करावं लागायचं. तुझ्या गाडीचं झालंय का, झालं असेल तर कुणी केलं आणि त्यानंतर किती मैल चाललीय? बूस्ट लावायच्या आधी हे माहीत पाहिजे. सुपरचार्जर जुना आजार बरा करत नाही, तो आजार लवकर बाहेर काढतो.

पेठेतला_बोनेट

इथे पुण्यात बसून तुमचं वाचतोय आणि जळतोय. आमच्याकडे जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीतले तपशील बदलतील असं काही करायचं नाही. तरी पोरं स्टेज वन रिमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) करतातच, मी पण केला होता, गाडीचं नाव घेत नाही. जिथे केला त्याने डायनोचा कागद दिला झकास, पण लॉग (गाडी पळतानाच्या इंजिनाच्या नोंदी) एकही दाखवला नाही. तीन महिन्यांत ताम्हिणीत चढावर मिसफायर, चेक इंजिनचा दिवा, पावसात छत्री धरून टोइंगची वाट. पिस्टनमधे गेलेले पैसे वेगळेच.

सांगायचं एवढंच की किट कुठलंही घे, ट्यून करणाऱ्याला नॉकचे लॉग दाखव म्हणायचं. तिसऱ्या गिअरमधे २५०० पासून रेडलाइनपर्यंत पाय पूर्ण दाबून एक धाव, उन्हात, एसी चालू ठेवून फिरवलेल्या गाडीवर. गार हवेत सकाळी काढलेला आकडा फ्रेम करून लावायला ठीक.

फ्रीमाँटचा_पाहुणा

बाप रे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. नाना, ते वर्गाचं गणित मला माहीतच नव्हतं, मी आपला समजत होतो सुपरचार्जर म्हणजे खालपासून जोर, टर्बो म्हणजे वर. रिकॉलचं व्हीआयएन (चासी नंबर) टाकून बघितलं, आधीच्या मालकाच्या वेळी झालाय, त्यानंतर ५० हजार मैल चाललीय. लीकडाउन नाही केलेली.

आणि एक कबूल करतो, टायर अजून पहिल्या साइजचे तेच प्रियसवाले मिशेलिन प्रायमसी आहेत, कमी पकडीचे. हसा.

दुसऱ्या_गिअरचा_नाना

हसलो.

आळशी_पिस्टन

नानांचं गणित बरोबर आहे, मी नाकारत नाही. माझा पण खड्डा आहे तिथेच आहे, मी फक्त आता तिथे थांबत नाही, एक गिअर खाली टाकतो. सवय होते. पण एक सांगतो, फायनल ड्राइव्ह बदलून गाडी चपळ होते, वेगवान नाही होत, ते दोन वेगळे प्रकार आहेत. आणि दोन्ही पाहिजे असेल तर नवीन जीआर८६ बघून ये एकदा. २.४ लिटर, २२८ हॉर्सपॉवर, आणि १८४ पाउंड-फूट टॉर्क ३७०० लाच. तुझ्यात १५१ आहे आणि तो मिळतो ६४०० च्या पुढे. म्हणजे तुझा खड्डा आहे तिथेच त्यांनी टेकडी बांधलीय. माझे साडेनऊ हजार आणि तुझी गाडी विकून येतील ते धर, फार लांब नाहीस तू. मी ती चालवून आलो त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

तरी मी माझी विकली नाही हे पण खरं.

एक कर, येत्या रविवारी ८४ वर येतोस का? वुडसाइडला ॲलिसच्या रेस्टॉरंटच्या दारात सात वाजता. आधी माझी चालव, मग तुझी, उतरताना काय वाटतं ते बघ. येताना टायर बघूनच ये, पहाटे तिकडे झाडांखाली रस्ता ओला असतो.

श्टुटगार्टची_सून

जाऊन आल्यावर लिहा इथे. आणि पिस्टन, बायकोला खरा आकडा सांगून टाका आता, चार वर्षं झाली.

फ्रीमाँटचा_पाहुणा

आलो रविवारी जाऊन. लांबण लावत नाही. पिस्टनभाऊंची गाडी वर चढताना ६००० ला जे काही करते ते मी दोन दिवस डोक्यातून काढू शकलो नाही, आवाज सुद्धा. पण मग माझी घेऊन खाली उतरलो आणि लक्षात आलं की प्रत्येक वळणावर मी पॉवरमुळे नाही, टायरमुळे घाबरत होतो. पिस्टनभाऊ मागून आरामात येत होते, ते पण उतारावर, जिथे सुपरचार्जरचा काही संबंध नाही.

मग काल चार टायर ऑर्डर केले, त्याच साइजचे, २१५/४५, पण उन्हाळी आणि चिकट. ब्रेक फ्लुइड पण बदलतोय. लीकडाउन पुढच्या शुक्रवारी. ४.३ चा जुना डिफरेन्शियल कुणाकडे २०१७ नंतरच्या गाडीतून निघालेला असेल तर मेसेज करा, नाना म्हणतात ४.५६, पण रोज ८८० फ्रीवेवर तासभर जातो माझा.

किटचे पैसे तसेच ठेवलेत. घरी सांगितलं की सध्या नाही घेत, तर तिने लगेच विमानाची तिकिटं बघायला घेतली. "सध्या" हा शब्द तिने ऐकला की नाही कळायला मार्ग नाही.

आळशी_पिस्टन

ऐकलाय. माझीने पण असाच ऐकला होता.