ईएसपी३२ ला पाच एक्स्पांडर लावले की चालू रिले मधूनच सुटून राहिले, मदत करा

काटोलरोड_पॅनेल:
नमस्कार मंडळी. काटोलजवळ मामांची संत्र्याची बाग आहे, तिथलं ड्रिप ऑटोमॅटिक करून राहिलो. ईएसपी३२ (कंट्रोलरचा छोटा बोर्ड) वर आय टू सी ने, म्हणजे चिप एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरच्या लाइनने, पाच एमसीपी२३०१७ मॉड्यूल (पिना वाढवणारे एक्स्पांडर) जोडले, तीन आउटपुटला, दोन इनपुटला. आउटपुटवाल्यांवर १६ चॅनलचे रिले बोर्ड, त्यावरून २४ व्होल्ट एसी चे सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह आणि मोटरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले). इनपुटवर फ्लोट स्विच, प्रेशर स्विच. वेळेसाठी त्याच वायरवर डीएस३२३१ घड्याळाची चिप. अ‍ॅड्रेस हेक्स २० ते २४, स्कॅन केलं की सगळे दिसतात.

दोनच मॉड्यूल होते तोवर मस्त चालत होतं. आता पाचही लावले तर चालू असलेले व्हॉल्व्ह मधूनच बंद होतात, प्रोग्रॅमला वाटते चालूच आहेत, मोटर सुरू राहते आणि पाईपात प्रेशर चढत जाते, एकदा तर मेन लाइनचा जॉइंटच निसटला. बरेचदा कुठला तरी व्हॉल्व्ह बंद करताना होते पण दरवेळी नाही. आंबिया बहारासाठी झाडांना दिलेला पाण्याचा ताण तोडायची वेळ आली आहे, पहिलं पाणी यावरूनच द्यायचं आहे. टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर (एका लाइनच्या अनेक लाइन करणारी चिप) टाकू का? आणि दुसऱ्या विहिरीवर, साधारण २०० मीटर, एक मॉड्यूल न्यायचं आहे, हीच वायर लांबवली तर जमेल का?

बर्डी_सोल्डर:
भाऊ मल्टिप्लेक्सर कशाला? या चिपला अ‍ॅड्रेसच्या तीन पिना असतात म्हणजे एकाच वायरवर आठ चिप, १२८ पिना, तुमचे तर पाचच आहेत. एकाच अ‍ॅड्रेसचे दोन मॉड्यूल लावायचे असते तर गोष्ट वेगळी.

आधी पुल-अप पाहा, म्हणजे आय टू सी ची लाइन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारे रेझिस्टर. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मॉड्यूलवर ४.७ के चे रेझिस्टर आधीच लावलेले असतात, डीएस३२३१ च्या मॉड्यूलवर पण. सहाही मॉड्यूलवर असतील तर सहा पॅरलल, हाती उरले ७८० ओहमच्या आसपास. आय टू सी चा नियम ३ मिलीअँपियरचा आहे, ३.३ व्होल्टवर ९७० ओहमच्या खाली जाऊच नये. एका मॉड्यूलवरचे ठेवा, बाकीच्यांचे सोल्डरिंग गनने उचलून टाका. स्पीड १०० किलोहर्ट्झच राहू द्या, ४०० ची इथे काही गरज नाही.

हिंगणा_मेंटेनन्स:
पुल-अप काढा, ते बरोबरच आहे, पण व्हॉल्व्ह सुटतात ते त्याच्यामुळे नाही. विचार करा, आय टू सी पूर्ण बंद पडलं, वायर जरी तुटली तरी एमसीपी२३०१७ शेवटचं आउटपुट तसंच धरून ठेवते, चालू रिले चालूच राहतो. तुमचे रिले सुटून राहिले याचा अर्थ चिप स्वतः रिसेट होऊन राहिली. रिसेट झाली की सोळाही पिना इनपुट होतात, आणि लो (० व्होल्ट) वर चालणारा रिले बोर्ड असेल तर सगळे रिले एकदम सुटतात. ईएसपी३२ ला यातलं काहीच कळत नाही.

अंदाज लावत बसू नका, तपासा. दर सेकंदाला प्रत्येक चिपचं ०० नंबरचं रजिस्टर, आयओडीआयआर-ए, वाचा, त्यात पिना इनपुट की आउटपुट ते असते. आउटपुटवाल्या चिपचं तुम्ही ०० लिहिलं असणार, ते एफएफ (सगळ्या पिना इनपुट) आलं की चिप रिसेट झाली हे नक्की. वाचताच येत नसेल आणि एसडीए (आय टू सी ची डेटा वायर) लो वर अडकली असेल तर मात्र बस म्हणजे ती लाइनच हँग आहे, तेव्हा एससीएल (क्लॉक वायर) वर नऊ पल्स द्या म्हणजे ती सुटते.

रिसेटची पिन मोकळी तर नाही ना? ती १० के ने ३.३ ला बांधा, नाहीतर जवळून कॉन्टॅक्टरची वायर गेली तरी चिप रिसेट होते. प्रत्येक चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आणि रिलेला पाच व्होल्ट कुठून देता ते सांगा, ५ व्होल्टचा एक साधा रिले ७० मिलीअँपियर घेतो, वीस एकदम लागले की दीड अँपियरच्या जवळ जाते.

काटोलरोड_पॅनेल:
रजिस्टर वाचलं भाऊ, तंतोतंत एफएफ! दोन नंबर आणि तीन नंबरची चिप, तीही व्हॉल्व्ह सुटला त्याच सेकंदाला. रिसेटची पिन दोन्हीवर मोकळीच निघाली. आणि हो, रिले आणि ईएसपी३२ एकाच ५ व्होल्ट एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) आहेत.

हिंगणा_मेंटेनन्स:
मग कारण सापडलं. रिलेला वेगळा एसएमपीएस द्या. व्हॉल्व्हच्या प्रत्येक कॉइलवर स्नबर लावा, म्हणजे १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर पण, कारण बंद करताना जो झटका येतो तो तिथेच मारायला पाहिजे. एसएमपीएस घेताना थोडा मोठाच घ्या, मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ असते, टिनाच्या शेडमधल्या बंद पॅनेलमध्ये त्याहून बरंच जास्त, आणि ५० च्या वर त्याचं रेटिंग कमीच धरावं लागते.

आणि हे सगळं झालं तरी एक गोष्ट कराच. हाय प्रेशर स्विचचा एनसी (एरवी जुळलेला, प्रेशर चढलं की उघडणारा) कॉन्टॅक्ट मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये टाका, प्रोग्रॅममधून नाही, थेट वायरनं. प्रोग्रॅमला काय वाटते याच्यावर मोटर ठेवू नका.

बर्डी_सोल्डर:
दुसऱ्या विहिरीचं राहून गेलं. आय टू सी २०० मीटर अजिबात नाही, वायरची कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत लागते, ती पॅनेलमधल्या पॅनेलमध्येच पुरते. तिकडे आरएस४८५ (लांब अंतरासाठीची डेटा लाइन) न्या, ९६०० बॉडवर १२०० मीटरपर्यंत जाते. त्यावर मॉडबस भाषेत बोलणारा तयार रिले बोर्ड मिळतो, पुढे तिसरी विहीर आली तर फक्त पुढचा अ‍ॅड्रेस द्यायचा. पीळ दिलेली जोडीची केबल घ्या, लाइन एका बोर्डातून दुसऱ्यात अशी न्या, मधून फाटे फोडू नका, १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. आणि आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारे) मॉड्यूलच घ्या, दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्शनसकट. मृगाच्या विजा सुरू झाल्या की बागेतून गेलेली लांब वायर आधी सापडते आणि तिच्यासोबत ईएसपी३२ पण जाते.

काटोलरोड_पॅनेल:
वेगळा एसएमपीएस, रिसेटला १० के आणि पुल-अप काढणं आज झालं. व्हॉल्व्ह चालू-बंद करून पाहून राहिलो, अजून एकही एफएफ नाही. स्नबर उद्या नागपूरच्या बर्डीवरून आणतो, प्रेशर स्विचची वायर मात्र त्याच्या आधी ओढतो. आरएस४८५ ची केबल खतवाल्या पाईपच्या चरातूनच नेली तर चालेल का, की वेगळा पाईप टाकू?

बर्डी_सोल्डर:
चर तोच चालेल, केबल वेगळ्या एचडीपीई पाईपात घाला. मोटरची केबल त्याच चरात असेल तर एक फूट तरी अंतर ठेवा.