लुलिंगस्टोनचा रोमन व्हिला : वरच्या खोलीचा पुरावा कोणता?

प्रश्न : इंग्लंडच्या केंट परगण्यातील डॅरेंट नदीकाठचा हा व्हिला (रोमन काळातील ग्रामीण घर) आकाराने बेताचाच आहे. तिथे वरच्या मजल्यावर ख्रिस्ती प्रार्थनेची खोली होती असे सांगतात. पण तो मजलाच शिल्लक नसताना हे कसे ठरवले, याचा कोणी उलगडा करील काय?

प्रतिसाद १ : ५ व्या शतकाच्या सुरुवातीला घराला आग लागली आणि वरची खोली भिंतींच्या गिलाव्यासकट तळघरात कोसळली. १९४९ ते १९६१ या काळातील उत्खननात त्या रंगीत गिलाव्याचे हजारो तुकडे मिळाले. ते चिकाटीने जुळवल्यावर हात पसरून प्रार्थना करणाऱ्या व्यक्ती आणि ख्रिस्ताचे खी-ऱ्हो चिन्ह (ग्रीकमधील त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरे) उभे राहिले. ही चित्रे आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जळिताच्या ढिगाऱ्यातून एवढे हाती यावे, हे मला फार मोठे काम वाटते.

प्रतिसाद २ : तळघराकडेही अवश्य लक्ष द्यावे. तिथे भिंतीवर जलदेवतांचे चित्र होते, दोन संगमरवरी अर्धपुतळे (बहुधा घरमालकांच्या पूर्वजांचे) होते आणि त्यांच्यापुढे भांडी ठेवलेली आढळली. म्हणजे वर नवा धर्म नांदत असतानाही खाली पूर्वजांना नैवेद्य दाखवणे बहुधा थांबले नव्हते.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. तळघरातील भांड्यांविषयी अधिक वाचेन.