मदत हवी आहे: विस्कॉन्सिनच्या मतदारसंघांत कैदी कसे मोजायचे?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या विधानसभेच्या ९९ जागांसाठी अभ्यासापुरता एक पर्यायी नकाशा बनवतोय. माहिती २०२० च्या जनगणनेची, पी.एल. ९४-१७१ ची (मतदारसंघ आखण्यासाठी दिले जाणारे आकडे). राज्याची लोकसंख्या ५८,९३,७१८, म्हणजे आदर्श मतदारसंघ सुमारे ५९,५३३ लोकांचा. ब्लॉकचे (जनगणनेतला सर्वांत लहान भूभाग) शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या सीमांच्या फाइली, आणि आकडे क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये नीट जोडले गेलेत, बेरीज राज्याच्या एकूण आकड्याशी जुळते. तिथे अडचण नाही.

अडचण वॉपन या विस्कॉन्सिनमधल्या शहरापाशी आहे. तिथल्या तुरुंगांतले कैदी जनगणनेत तिथलेच रहिवासी धरले जातात, पण शिक्षा भोगत असताना मत देऊ शकत नाहीत. मेरीलँड आणि न्यूयॉर्कसारखी राज्ये कैदी त्यांच्या मूळ पत्त्यावर मोजतात, विस्कॉन्सिन तसं करत नाही. मूळ पत्ते माझ्याकडे नाहीत, त्यामुळे तो मार्ग बंद.

म्हणून त्याच माहितीतल्या पी५ तक्त्यातल्या (तुरुंग, वसतिगृहे अशा सामूहिक निवासांतली लोकसंख्या) प्रौढ तुरुंगांच्या रकान्यातली संख्या वजा करून पाहिली. पण गोपनीयतेसाठी ब्लॉक पातळीच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली असते, त्यामुळे एकेका ब्लॉकच्या आकड्यावर भिस्त ठेवायला मन धजत नाही. शेजारचे ब्लॉक एकत्र केले की फरक कमी होतो, मात्र नेमका तिथेच मला सीमा हवी आहे.

कायदेशीर सल्ला नकोय, फक्त पद्धत हवी आहे. कैदी वगळून दुसरा तक्ता द्यायचा तर आदर्श संख्याही राज्यभरचे कैदी वजा करून नव्याने काढायची, की ५९,५३३ च ठेवायची? आणि वजाबाकीसाठी पी५ वापरायचा, की १ एप्रिल २०२० च्या आसपासची तुरुंग खात्याची संख्या?