पुणे ते वाई, तीन दिवस, हायवे नको: सायकलने कुठून जावं?

खडीसाखर
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी शुक्रवार ते रविवार मोकळा मिळतोय. कोंढव्याहून निघून वाईपर्यंत सायकलने जायचं डोक्यात आहे. अटी आधीच सांगतो, म्हणजे नंतर वाद नको.

एक, दिवसाला ८० किमीच्या आत. माझं वय ४४, गुडघ्यांचं ६०. दोन, सातारा हायवे होईल तितका टाळायचा. मागच्या वर्षी एक डंपर इतक्या जवळून गेला की त्याच्या ताडपत्रीची दोरी माझ्या हँडलला लागली. तीन, राहणं-खाणं धरून खर्च साडेतीन हजार. चार, नवीन सायकल घ्यायची नाहीये. आहे ती रोड बाइक, पुढच्या चकत्यांना ५०/३४ दाते, मागच्यांना ११ ते २८, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला रबर घासणारे), २५ मिमीचे अरुंद टायर.

भोरहून मांढरदेवीवरून वाईला उतरता येतं असं ऐकलंय. कुणी केलंय का? चढ कितपत आहे?

टायरट्यूब
सगळ्यात आधी ती सायकल विका. २५च्या टायरवर भोरच्या पुढे जाणं म्हणजे दात मोजून घेणं. मी दोन वर्षांपूर्वी ग्रॅव्हल बाइक (खडबडीत रस्त्याची सायकल) घेतली, ४० चे ट्यूबलेस, डिस्क ब्रेक. नव्वद हजारांच्या आसपास पडली, पण तेव्हापासून एकही पंक्चर नाही. बाभळीच्या काट्यावरून गेलं तरी आतलं सीलंट आपोआप भोक बुजवतं.

खडीसाखर
अट क्र. ४ वाचावी ही विनंती.

टायरट्यूब
वाचली. म्हणूनच म्हटलं विका.

रॅन्डो६००
दिवसाला ८०? तीन दिवस? असो, ज्याची त्याची आवड. आमच्या ६०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड) ४० तास असतात, त्यात झोप, जेवण, पंक्चर सगळं. तुमचं हे जाणं-येणं आम्ही एका दिवसात संपवून संध्याकाळी घरी वरणभात खातो.

एकच कामाचं सांगतो. नोव्हेंबरात कारखाने सुरू झालेले असतात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात मागून दिसतच नाही, ना दिवा ना रिफ्लेक्टर. सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठा.

सासवडकर
पहिला दिवस सोपा आहे. कोंढवा, येवलेवाडी, बोपदेव घाट, भिवरी, चांबळी, सासवड. सासवडला नाश्ता. मग नारायणपूर, केतकावळे, आणि खाली कापूरहोळ. तिथे हायवे फक्त ओलांडायचा की समोर भोरचा फाटा. भोरपर्यंत ७० च्या आसपास होतात. बोपदेव सकाळी सहाला चढा, साडेसातनंतर टँकर सुरू होतात.

सीताफळांचा हंगाम तोवर सरत आलेला असतो, पण रस्त्याच्या कडेला पाटी दिसली तर सोडू नका. पुरंदरच्या सीताफळापुढे बाकीची सीताफळं म्हणजे नुसत्या बिया.

पाबेप्रेमी
बोपदेव कशाला? खडकवासला, खानापूर, पाबे घाट, तिथून वेल्हे रस्ता आणि नसरापूर. एकीकडे सिंहगड, दुसरीकडे राजगड-तोरणा. हायवेचा संबंध फक्त नसरापूर ते कापूरहोळ एवढाच. बोपदेवला पाहण्यासारखं काय आहे, प्लॉटिंगचे बोर्ड?

सासवडकर
पाबे घाट ३४-२८ वर चढायला सांगताय? ६० वर्षांच्या गुडघ्यांना?

पाबेप्रेमी
मी चढलोय.

सासवडकर
मग तुमच्या गुडघ्यांनी धागा काढावा.

पेठेतला
धाग्याच्या मजकुरात एक चूक आहे. गावाचं नाव मांढरदेव. मांढरदेवी हे लोकांनी देवीला दिलेलं नाव. देवी काळेश्वरी, म्हणजे काळुबाई.

भोरकर_नाना
गावात राहणारेसुद्धा मांढरदेवीच म्हणतात. एसटीच्या पाटीवर काय असतं ते बघा.

आता खडीसाखर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. भोर ते वाई साधारण ४५ किमी. भोरमधून आंबाड्याच्या रस्त्याला लागायचं. आंबाडे, आंबवडे नव्हे! दोन्ही आमच्याच तालुक्यात, दरवर्षी चार-दोन सायकलवाले चुकतात. आंबवडे रायरेश्वरकडच्या रस्त्याला. तिथे नागेश्वराचं देऊळ आहे, झुलता पूल आहे, कान्होजी जेध्यांची आणि जिवा महालाची समाधी आहे. बघण्यासारखं आहे, पण तुमची वाट ती नाही.

आंबाड्यापर्यंत रस्ता वर-खाली करत जातो, दम लागत नाही. खरा चढ त्यानंतर, आंबाडखिंड घाटात. वळणं अशी आहेत की आतल्या बाजूने गेलात तर उभं राहून पेडल मारावं लागेल, बाहेरच्या बाजूने घ्या. पाणी आंबाड्यातच भरा, घाटात काही नाही. रस्त्याचं काम टप्प्याटप्प्याने चाललंय. मध्येच गुळगुळीत काँक्रीट आणि मध्येच खडी. पौष पौर्णिमेच्या आसपास मात्र फिरकू नका, जत्रा असते.

अ‍ॅटलासवाले_आजोबा
१९८३ साली आम्ही तिघे मित्र पुण्याहून वाईला गेलो होतो. काळी बावीस इंची अ‍ॅटलास, गिअर कसला, कॅरिअरवर घोंगडी आणि पितळी डबा. तेव्हा हायवे म्हणजे दुपदरी रस्ता. खंबाटकीला ट्रकच्या मागची साखळी धरून वर गेलो, ड्रायव्हरने वर गेल्यावर चहा पाजला. एकूण खर्च प्रत्येकी बावीस रुपये. हल्लीच्या मुलांना उगाच सगळ्याची भीती.

निमा
आजोबा, साखळी धरून जाण्याचा सल्ला कृपया देऊ नका.

खडीसाखर, मी वाईच्या बाजूने उतरलेय. चढाची चिंता सगळे करतात, उताराचं कुणी बोलत नाही. माझ्याकडेही रिम ब्रेकच होते. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना घाबरून दोन्ही ब्रेक सलग दाबून धरले. अर्ध्यात रिम इतकी तापली की मागची ट्यूब फाटकन गेली. नशीब वळण नव्हतं. हाताला अजून वण आहे. नंतर मेकॅनिकने शिकवलं: सतत घासत ठेवायचं नाही, वळणाच्या आधी जोरात दाबून वेग मारायचा, मग सोडून द्यायचं, की रिमला वारा लागतो. मध्ये दोनदा थांबून बोटाने लांबूनच अंदाज घ्या, रिमला हात लावू नका. ब्रेकचे रबर निघायच्या आधी बदला. शंभर-दोनशेचं काम आहे.

टायरट्यूब
डिस्क ब्रेक असते तर हे झालंच नसतं. म्हणून म्हणतोय.

हिशेबी
गिअरचा हिशेब कुणी मांडला नाही म्हणून मांडतो. ३४-२८ म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक १.२१ वेळा फिरतं, अंतर अंदाजे अडीच मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी ९ किमी. घाटात तुम्हाला ९ झेपत नसेल तर फेऱ्या ४०-४५ वर येणार आणि सगळा भार गुडघ्यावर. मागे ३२ दात्यांची चकती लावली तर त्याच ६० फेऱ्यांत ८ किमीला चालतं. ऐकायला एकच किमी, पण घाटात तेवढ्यावरच चालायचं की चढवायचं ते ठरतं. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलण्याआधी मागच्या डिरेलरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा आखूड आहे की लांब ते दुकानात दाखवा. आखूड असेल तर ३२ बसेलच असं नाही.

दुसरं, पाठीवर सॅक घेऊ नका. चार किलो पाठीवर म्हणजे घाटात मान आणि कंबर दोन्ही जातात.

कोकण_एक्स्प्रेस
अहो वाईला काय ठेवलंय? भोरपर्यंत जाताच आहात तर सरळ नीरा देवघरच्या पाण्याकडेने वरंधा घाट उतरा आणि महाडला या. सगळा उतार! संध्याकाळी सुरमईचं ताट. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, वाटेत बाणकोटच्या खाडीला सायकल फेरीबोटीत घालायची. स्वर्ग.

भोरकर_नाना
आणि परत कसं यायचं? वरंधा चढून?

कोकण_एक्स्प्रेस
गाडी मागवायची.

खडीसाखर
साडेतीन हजारात?

कोकण_एक्स्प्रेस
स्वर्गाला भाव विचारू नये.

रॅन्डो६००
वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे बऱ्याचदा बंद करतात, निघायच्या आधी विचारून घ्या. बाकी कोकणातला किनारी रस्ता सपाट असतो हा गैरसमज आहे. प्रत्येक खाडीला खाली आणि लगेच वर, दिवसभर. मी केलाय. रात्री.

सासवडकर
परतीचं कुणी सांगितलंच नाही. वाईहून वाठार स्टेशन, सालपे घाटातून लोणंद. पुढे नीरा, वाल्हे, जेजुरी, सासवड, हा पालखीचाच रस्ता उलटा. पण वाई ते पुणे असे एका दिवसात १३० च्या वर जातात, तुमच्या अटीत बसत नाही. लोणंदहून रेल्वे धरता येईल. सायकलचं लगेज बुकिंग कसं आणि कुठल्या गाडीला होतं ते आधी स्टेशनवर विचारा, ऐनवेळी गेलात तर खोळंबाल.

पाबेप्रेमी
म्हणजे परतसुद्धा सासवडवरूनच. तुमच्या गावाबाहेर जग आहे की नाही?

निमा
ब्रेकचं मी वर लिहिलंय, तेवढं नक्की करा. वाईत ढोल्या गणपतीजवळ घाटावर बसून पाय नदीत सोडा, आणि मेणवली बघा, नाना फडणवीसांचा वाडा. सायकलने अगदी जवळ.

पेठेतला
हेल्मेटचा उल्लेख अजून कुणीच केलेला नाही. ३० प्रतिसाद होत आले.

भोरकर_नाना
तीस नाहीत, मोजा.

खडीसाखर
सगळ्यांचे आभार. ठरलं.

हा धागा आईला वाचून दाखवला. सुरमईपर्यंत आल्यावर ती म्हणाली, अरे भोरला माझी मावसबहीण आहे की, तू मुंजीत तिच्या मांडीवर बसला होतास. लगेच फोन झाला. आता दोन्ही रात्री मुक्काम मावशीकडे आणि मला न विचारता शुक्रवार रात्रीची पुरणपोळी ठरली आहे.

तर बेत असा. शुक्रवारी सासवडकरांच्या वाटेने भोर. शनिवारी सामान मावशीकडे ठेवून, फक्त दोन बाटल्या आणि पंक्चरचं किट घेऊन मांढरदेवी. देवीला नमस्कार करून त्याच वाटेने भोरला परत. जाऊन-येऊन पन्नाशीच्या आसपास. जिथे जमणार नाही तिथे उतरून ढकलणार, लाज नाही. रविवारी आल्या वाटेने घरी. ब्रेकचे रबर आजच बदलले. कॅसेट तीच. वाई यावेळी नाही.

रॅन्डो६००
म्हणजे धागा वाईचा आणि वाईलाच जाणार नाही?

पेठेतला
शीर्षक बदलावे.

कोकण_एक्स्प्रेस
भोरपर्यंत जाऊन वरंधा न बघता परत! कपाळाला हात.

सासवडकर
शहाणा निर्णय. रविवारी मात्र केतकावळ्याला बालाजीसाठी गाड्यांची रांग असते. सकाळी आठच्या आत तिथून पुढे निघा, नाहीतर पुन्हा ताडपत्रीची दोरी.

भोरकर_नाना
मावशींचं घर भोरमध्ये कुठल्या आळीत? राजवाड्याच्या बाजूला असेल तर शनिवारी परत आल्यावर मला हाक मारा, चहाला. आणि आंबाडे. आंबवडे नव्हे.

अ‍ॅटलासवाले_आजोबा
पुरणपोळी खाऊन दुसऱ्या दिवशी घाट चढू नये. अनुभव आहे.

टायरट्यूब
राहण्या-जेवणाचे पैसे वाचले ना? त्यात ११-३२ येते. नुसतं सांगून ठेवतो.