प्रतिसाद: डम्प ट्रेलर विकत की भाड्याने?
अमेरिकेत घर आहे, वर्षातून तीन-चारदा मल्च (झाडांभोवती पसरायचा लाकडाचा चुरा), खडी, राडारोडा वाहायचा असतो, तर भाडं भरण्यापेक्षा डम्प ट्रेलर (गाडीमागे जोडायचा, हौदा वर उचलून माल ओतणारा) विकतच घ्यावा, हे वरचं मत मला पटत नाही.

7 बाय 14 फुटी नवा ट्रेलर 10,000 डॉलर आणि दिवसाचं भाडं 150 धरा. वर्षाला चार दिवस, म्हणजे पाच वर्षांत 3,000. जुन्या ट्रेलरला किंमत चांगली येते हे खरं, पण नोंदणी, टायर, हौदा उचलणाऱ्या पंपाची बॅटरी यांवर तो नुसता उभा असला तरी खर्च होतोच.

मला जास्त काळजी वजनाची वाटते. दोन फुटी कडा असलेल्या या हौद्यात सात घनयार्ड माल मावतो. खडी घनयार्डाला सुमारे 2,800 पौंड भरते, म्हणजे काठोकाठ भरली तर जवळजवळ 20,000 पौंड! स्वतःच्या वजनासकट एकूण 14,000 पौंडांची मर्यादा असलेल्या ट्रेलरमध्ये माल मात्र जेमतेम 10,000 पौंडच चालतो. मल्च बिनधास्त भरा, खडी मात्र अर्ध्याच्या आतच. तेवढं वजन ओढायलाही हाफ-टन पिकअप (हलक्या वर्गातला पिकअप ट्रक) पुरत नाही, आणि ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा ब्रेक कंट्रोलर हवाच.

एचओएचे (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे) नियमही आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी ड्राइव्हवेत ट्रेलर ठेवू देत नाहीत. पाच-दहा एकर जागा असेल तर मात्र जरूर घ्या.